बिल्ड टूलचा अंदाजपंचे कारभार

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 'नाहेप' या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पातून शेतीसाठी रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर काम झालं. अशा यंत्रांचे प्रोग्राम लॅपटॉपवर तयार होतात, चालतात मात्र यंत्रातल्या चिपवर. लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेलचा प्रोसेसर, ड्रोनमध्ये बहुतेकदा आर्म जातीची चिप. एकाच्या सूचना दुसऱ्याला कळत नाहीत. असं परक्या चिपसाठी प्रोग्राम बांधणं म्हणजे क्रॉस-कंपाइलिंग. बांधणी सांभाळणाऱ्या बिल्ड टूलनं हे ओळखायचं कसं?

एक जुनी युक्ती म्हणजे छोटा प्रोग्राम बांधून तो चालवून पाहायचा. चालला नाही, तर चिप परकी. ही खूण फसवी आहे. लॅपटॉपवर क्यूईएमयू हे दुसऱ्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर आर्मचा प्रोग्रामही बिनबोभाट चालू शकतो आणि टूलला सगळं घरचंच वाटतं. म्हणून बांधणी कुठे आणि वापर कुठे, हे माणसानंच सांगावं. मेसॉन या बिल्ड टूलची क्रॉस फाइल, सीमेक या दुसऱ्या टूलची टूलचेन फाइल याचसाठी आहेत. नवशिक्यांना ही कटकट वाटेल, असा आक्षेप येतो. पण काहीच सांगितलं नाही तर टूलनं 'याच यंत्रासाठी' असं धरावं; मग स्वतःच्या लॅपटॉपपुरतं काम करणाऱ्याला एक ओळही जास्त लिहावी लागत नाही.

खरा घोळ पुढे, परक्या चिपचे तपशील ठरवताना होतो. अर्डुइनो उनो आर3 या छोट्या बोर्डावर 'इंट' हा पूर्णांक दोन बाइटचा, त्यात 32,767 च्या वरचा आकडा मावत नाही. लॅपटॉपवर तो चार बाइटचा. हे माप प्रोग्राम न चालवताही मिळतं: माप चुकलं तर ॲरेची लांबी उणे होईल अशी ओळ लिहायची, कंपायलर स्वतःच अडतो. काही प्रश्नांची उत्तरं मात्र चालवल्याशिवाय मिळत नाहीत. मेमरी देणारं 'मॅलॉक' हे फंक्शन शून्य बाइट मागितल्यावर काय परत करतं, हा त्यातलाच. क्रॉस-कंपाइलिंग असलं की ऑटोकॉन्फ या टूलच्या जुन्या आवृत्त्या इथे गुपचूप वाईटात वाईट उत्तर धरत आणि 'मॅलॉक'च्या जागी 'आरपीएल मॅलॉक' हे नाव घालत. ते फंक्शन प्रकल्पात नसलं, की बांधणी शेवटच्या टप्प्यावर कोसळे. कोसळली हे नशीबच. चुकीचा अंदाज धरून बांधलेला प्रोग्राम थेट शेतात गेला असता, तर चूक शोधायची कुठे?

मग सगळ्या चाचण्या नकली चिपवरच का चालवू नयेत? माणसानं तसं सांगितलं असेल तर जरूर चालवाव्यात. पण नक्कल करणारं सॉफ्टवेअर खऱ्या बोर्डाचे सगळे गुण दाखवतंच असं नाही. नक्कल हाताशी नसेल, तर सीमेकची 'ट्राय रन' चाचणी थांबते आणि उत्तर हातानं भरायला लावते. कंटाळवाणं आहे, पण बरोबर आहे.