जखम भरते ती पेशींच्या पकडीमुळे

पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या धारेनं बोट कापलं की ठरलेला सल्ला मिळतो: "उघडं ठेव, वारं लागू दे, खपली धरली की भरेल." हा सल्ला चुकीचा आहे.

जखमेच्या काठावरच्या त्वचापेशी एरवी खालच्या थराला पक्क्या जखडलेल्या असतात. इजा झाल्यावर काही तासांतच त्या ही बंधनं सोडवू लागतात आणि जखमेकडे सरकायची तयारी करतात. पुढचं टोक पसरायचं, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालचे तंतू धरायचे, अंग ओढायचं, मग मागची पकड सोडायची, अशी त्यांची चाल असते. जखम वाळली तर त्यांना खपलीखालून कोलॅजन कापत वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगानं आली.

मग पकड जितकी घट्ट तितकं बरं? तेही नाही. पेशी सर्वांत वेगानं सरकते ती मध्यम पकडीवर, असं 1997 मधल्या प्रयोगांत दिसलं. पकड ढिली असली तर ती घसरते, फार घट्ट झाली तर मागचं टोक सुटत नाही. मिचिसन आणि किर्शनर यांनी 1988 मध्ये याला क्लचची उपमा दिली, आणि गाड्यांचे सुटे भाग घडवणाऱ्या या पट्ट्यात ती लगेच पटावी. पेशीतले अ‍ॅक्टिनचे धागे सतत मागे सरकत असतात. इंटिग्रिनचा क्लच लागला तरच तो जोर पेशीला पुढे नेतो, नाहीतर धागे नुसतेच फिरतात. शिवाय ताण पडला की टॅलिन हे प्रथिन उलगडतं, त्याला व्हिन्क्युलिन येऊन जुळतं आणि पकड वाढते. किती धरायचं हे पेशी अशी ओढूनच ठरवते.

"पू नाही, म्हणजे जखम चांगली" हेही नेहमी खरं नसतं. काही बाळांच्या पांढऱ्या पेशींतलं इंटिग्रिन जन्मतःच सदोष असतं. त्या पेशी रक्तवाहिनीची भिंत धरून बाहेर पडू शकत नाहीत. रक्तात त्यांची गर्दी असते, जखमेत मात्र पू होत नाही, नाळ उशिरा गळते, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मुंबईत केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये या आजाराचं निदान होतं.

ओलसर म्हणजे ऑइल-कूलंटनं माखलेली जखम नव्हे. वाहत्या पाण्यानं धुवा, स्वच्छ पट्टीनं झाका. काप खोल असेल किंवा मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.