चित्रकलेच्या तासासाठी चित्रे कोठे शोधावीत?

शाळेतल्या कोणत्याही मुलाला ‘चित्र काढ’ म्हणून सांगा. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक झोपडी. पाच मिनिटांत चित्र तयार! गाव मराठवाड्यातल्या सपाट रानातले असो की कोकणातल्या खाडीवरचे, डोंगर तेच आणि सूर्यही तोच. हा देखावा मुलाने पाहिलेला नसतो, दुसऱ्या चित्रावरून उचललेला असतो.

आता शिक्षकांच्या हाती मोबाइल आला आहे. पण त्यात ‘मुलांसाठी सोपी चित्रे’ एवढेच शब्द घालून शोधलेत, तर काय पुढे येते? एक वर्तुळ काढा, त्यावर दोन लांब कान काढा, झाला ससा! मुले खूश होतात, नाही असे नाही. परंतु चाळीस मुलांचे चाळीस ससे एकाच साच्यातून निघतात. डोंगर-सूर्याच्या जोडीला आणखी एक साचा आला, इतकेच.

म्हणून ‘सोपे’ हा शब्द सोडून द्यावा आणि चित्रकाराचे, चित्राचे किंवा संग्रहालयाचे नाव घालून शोधावे. सशाचेच उदाहरण घेऊ. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०२ साली जलरंगात एक ससा रंगवला. मूळ चित्र जेमतेम वीतभर आहे. ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात असते. ‘विकिमीडिया कॉमन्स’ या मुक्त भांडारात त्याची मोठी प्रत मिळते. बोटांनी ती मोठी करून पाहा. पाठीवरचे केस एका दिशेचे, छातीवरचे दुसऱ्या. आणि डोळ्यात, बरं का, खिडकीचे प्रतिबिंब दिसते! हे मुलांना आधी सांगू नका; त्यांचे त्यांना सापडू द्या.

अशी भांडारे आता पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक छायाचित्रे सर्वांना मोफत वापरण्यास खुली केली. तेथे ‘ओपन ॲक्सेस’ अशी खूण असलेले चित्र उतरवून घ्यावे, छापावे, वर्गात लावावे. कोणाची परवानगी लागत नाही. ‘गूगल आर्ट्स अँड कल्चर’वर आपल्या देशातल्या संग्रहालयांतल्या वस्तूही पाहायला मिळतात. नावे इंग्रजी अक्षरांत लिहिलीत तर अधिक सापडते. मात्र ज्या चित्राखाली चित्रकार, साल, ठिकाण यांपैकी काहीच नाही, ते बाजूला ठेवावे. हल्ली यंत्राने बनवलेली चित्रेही शोधात भराभर येतात, आणि त्यांत सशाला पाय किती असतील याचा नेम नसतो!

वारली चित्रांची गोष्ट थोडी निराळी. जिव्या सोमा मशे यांचे नाव घालून शोधलेत तर अस्सल काम पाहायला मिळेल. पण तुमची शाळा पालघर जिल्ह्यात असेल, तर लग्नाचा चौक लिहिणारी एखादी आजी पाड्यावर आहे का, याची आधी चौकशी करा. तांदळाचे पीठ किती पातळ कालवायचे, हे ती दाखवील. मोबाइल नाही दाखवणार.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे रेंज नाही, आणि चाळीस मुलांत फोन एकच. खरे आहे. म्हणून तालुक्याला गेलात की दोन-तीन चित्रे फोनमध्ये उतरवून ठेवा. पाच-पाच मुलांना जवळ बोलवा, दोन मिनिटे पाहू द्या. मग फोन पालथा ठेवा आणि विचारा: कान सारखे आहेत का? सावली कोणत्या बाजूला पडली आहे? उत्तरांवरून भांडण झाले तर पुन्हा दाखवा. त्यानंतर मात्र फोन खिशात टाकावा. पडदा समोर राहिला की मुले ड्यूररचाच ससा उतरवू लागतात, आणि तोही साचाच होऊन बसतो.

मग पाटी-वही घेऊन सर्वांना अंगणात न्यावे. ससा गावात कोठून मिळणार? पण शेळी तर कोणाच्याही दारात बांधलेली असते. जी मुले नीट जवळ जाऊन बसतील, त्यांना एक गंमत दिसेल: शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडवी असते.