शोधनिबंधावरचं दुसरं नाव

बदलापूर-अंबरनाथकडे रेशनवर मिळणारा तांदूळ ताटात पसरून निवडायला घेतला, की शंभरात एखादा दाणा वेगळा दिसतो. रंगानं जरा पिवळट, कडांनी बोथट. ‘प्लास्टिकचा तांदूळ आलाय’ ही आवई त्याच दाण्यामुळे उठते, आणि कित्येक घरांत तो खड्याबरोबर वेचून बाहेर जातो. वास्तविक ताटातला सगळ्यात खर्चिक दाणा तोच. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, यंत्रातून दाबून त्याला पुन्हा तांदळाचा आकार दिलेला असतो आणि मग तो साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. सरकारी मापानुसार अशा एका किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असायला हवं.

या तिघांतल्या मधल्या गड्याच्या मागे मी बऱ्याच वर्षांपासून आहे. कारण त्याचा पहिला माग लागला तो आपल्याच मध्य रेल्वेच्या रुळांवर, परळला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आणि तो लागला तो एका इंग्रज बाईला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे.

ल्यूसी विल्स यांची कथा आता बऱ्यापैकी माहीत झालेली आहे. २०१९ साली गूगलनंही त्यांचं चित्र लावलं होतं. जन्म १८८८. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात केपटाऊनला रुग्णसेवा केली, आणि मग डॉक्टर व्हायचं ठरवून १९२०मध्ये, म्हणजे बत्तिशीत, लंडनला पदवी घेतली. १९२८ साली मुंबईत आल्या. बोलावणारी असामी होती मार्गारेट बाल्फोर, हिंदुस्थानात हयात घालवलेली डॉक्टरीण. इथल्या बायका बाळंतपणात इतक्या का मरतात, याची पद्धतशीर चौकशी चालली होती. गरोदरपणी रक्त पाण्यासारखं होत जायचं, तांबड्या पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या अवाढव्य फुगायच्या. या दुखण्याला तेव्हा ‘गरोदरपणातला पर्निशस ॲनिमिया’ म्हणत. गिरणीतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या बायकांत ते विशेष. गिरणकामगार बाईच्या बाळंतपणाचा विषय त्या काळी मुंबईत ऐरणीवर होताच. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९चा.

आता ही संस्था कोणती, ते ध्यानात घ्यायला हवं. हाफकिन म्हणजे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा, जंतूंचं माहेरघर. जिथं प्रत्येक दुखण्यामागे कोणता तरी जंतू शोधायची सवय, तिथं एक बाई म्हणू लागल्या, की आधी या बायका जेवतात काय ते बघू या.

हे बघायचं कसं, हा खरा प्रश्न होता. दवाखान्यात रक्त काढता येतं, स्वयंपाकघरात शिरता येत नाही. त्यातून ज्या बायकांत हे दुखणं सर्वांत जास्त होतं त्या गरीब मुसलमान घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या. परक्या पुरुष डॉक्टरला तिथं उंबऱ्यापाशीच थांबावं लागे. गोरी मडम आत गेली तरी तिला ‘काल रात्री काय शिजवलं होतं?’ हे कोणत्या भाषेत विचारायचं, आणि लाजेपोटी सांगितलेलं खरं किती धरायचं?

१९३० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये विल्स यांच्या या दुखण्यावरच्या लेखमालिकेचा दुसरा भाग छापून आला. विषय मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी. लेखक दोन : विल्स आणि तळपदे. त्याच वर्षी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लेख आला. तिथंही लेखक दोन : बाल्फोर आणि शकुंतला तळपदे. गोऱ्या बाई दोन ठिकाणी वेगवेगळ्या, दुसरं नाव मात्र तेच.

तळपदेबाईंचं चित्र गूगलनं लावलेलं नाही. पण ज्यानं कुणी आहाराची पाहणी केली आहे त्याला विचारा, या कामात घाम कुठे गळतो. ‘भाजी किती खाता?’ या प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर मिळत नाही. भाजी होते, पण ती आधी पुरुषांच्या पानात, मग पोरांच्या. बाईच्या वाट्याला कढईला चिकटलेली. हे आकड्यांत आणायचं तर समोर बसून, पातेल्यात डोकावून, वाटीचं माप दाखवून पुन:पुन्हा विचारावं लागतं. अशा पाहणीतून जात, धर्म, मिळकत यांप्रमाणे जेवणाचं चित्र उभं राहिलं आणि जिथं पान सर्वांत दरिद्री तिथंच हे दुखणं सर्वांत जास्त, हे दिसून आलं. माझ्या मते फॉलिक ॲसिडच्या शोधाचा पाया इथं आहे, पुढे प्रयोगांत आलेल्या उंदरा-माकडांत नाही.

उंदरांची हकीकत मात्र सांगायलाच हवी, कारण ती फजितीची आहे. १९२९च्या उन्हाळ्यात विल्सबाई कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांची पोषणविषयक प्रयोगशाळा होती. मुंबईतल्या गरीब बायकांसारखं जेवण पांढऱ्या उंदरांना घातलं. उंदीर पांढरेफटक पडले, गाभण माद्या पिल्लं होण्याआधीच मेल्या. खाण्यात यीस्ट घातलं की उंदीर वाचायचे. सगळं जुळून आलं! आणि मग कळलं, की उंदरांच्या अंगावर उवा आहेत, आणि त्या उवांतून बार्टोनेला नावाचा जंतू त्यांच्या रक्तात शिरतोय, तांबड्या पेशी फोडतोय. जंतूंच्या माहेरघरातून निघून आहाराच्या मागे लागलेल्या बाईंना जंतूनं असं वाटेत गाठलं.

दुसरं कुणी असतं तर तो प्रयोग गुपचूप फडताळात गेला असता. इथं तो १९३१ साली शीर्षकातच ‘बार्टोनेला’ असा शब्द छापून प्रसिद्ध झाला. सोबतचं नाव एम. एम. मेहता. उपाशी उंदरालाच तो जंतू लोळवतो, नीट खाणाऱ्याला फारसं काही होत नाही, हेही त्यातून निघालं. म्हणजे आहार की जंतू या भांडणात दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे ठरले. पण माणसाच्या दुखण्याचा पुरावा म्हणून उंदीर बाद झाले, आणि माकडं आली. प्रामुख्यानं पांढरा तांदूळ आणि पाव यांवर ठेवलेल्या माकडांत तसाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया उतरला. १९३२च्या त्या लेखावर विल्स यांच्यासोबत बिलिमोरिया हे नाव आहे.

एक लाडकं माकड मरायला टेकलं होतं, काहीच सुचेना म्हणून त्याला मार्माइट चाटवलं आणि ते उठून बसलं, अशी एक गोष्ट सांगतात. गोड आहे. पण १९३१च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखात माणसांचे निकाल आधीच आलेले होते. शोधाला एखादं माकड किंवा सफरचंद लागतंच, त्याशिवाय लोकांच्या लक्षात राहत नाही.

मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत तळाशी उरलेला यीस्टचा गाळ. त्यात मीठ घातलं, ऊब दिली, की पेशी स्वतःलाच पचवू लागतात. मग गाळून आटवला की काळपट, खारट, डिंकासारखा लगदा तयार होतो. त्या काळी अशा ॲनिमियावर औषध होतं काळीज, म्हणजे यकृत. मायनट आणि मर्फी यांनी १९२६ साली काळजाचा उपचार दाखवला, १९३४चं नोबेल त्यावरच मिळालं. पण रोज पावशेर कच्चं काळीज मुंबईच्या कुठल्या शाकाहारी बाळंतिणीनं खाल्लं असतं? काळजाचा अर्क होता, पण महाग. यीस्ट स्वस्त होतं आणि सोवळ्याओवळ्याचा घोळही कमी. गरोदर बायकांना ते दिलं आणि काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या.

इथं एक बारीक गाठ आहे आणि पुढचं सगळं तिच्यातूनच उलगडतं. काळजाचा ओबडधोबड अर्क दिला तर मुंबईच्या बायका बऱ्या व्हायच्या, पण जास्त शुद्ध केलेला अर्क त्यांना लागू पडेना. युरोपातल्या खऱ्या पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना मात्र तोच शुद्ध अर्क पुरत होता. म्हणजे काळजात गुण दोन होते, आणि शुद्ध करताना मुंबईकरणीच्या कामाचा गुण वगळला जात होता. त्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक पिळून तो, म्हणजेच फॉलिक ॲसिड, वेगळा काढला गेला. १९४५मध्ये लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं तो कृत्रिमरीत्या बनवला. दुसरा गुण म्हणजे बी-१२. तो १९४८मध्ये हाती आला.

१९३७च्या नोव्हेंबरात विल्सबाई पुन्हा हाफकिनला आल्या. या खेपेला कराचीपर्यंत समुद्रावर उतरणारं विमान आणि पुढे बोट. जेमतेम दहा वर्षांनी त्याच कराचीच्या धक्क्यावरून त्याच समुद्रानं हजारो सिंधी कुटुंबं आली आणि कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांनी सोबत जे आणलं त्यात साईभाजी होती. कॅम्पातल्या कुठल्याही सिंधी घरात ती आजही रांधली जाते : भरपूर पालक, मूठभर चुका, थोडा शेपू, चणाडाळ, एखादं वांगं, बटाटा, टोमॅटो, सगळं एकाच कुकरात आणि शेवटी रवीनं घोटून. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात दीडशे ते दोनशे मायक्रोग्रॅम फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं अन्नातलं रूप, असतं. ते पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं मोडतं. म्हणून पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्या हॉटेलछाप स्वयंपाकात ते वाहून जातं. साईभाजीत एक थेंब पाणी फेकलं जात नाही आणि वर चणाडाळीचं फोलेट पडतं ते वेगळंच. आमचं अळूचं फतफतंही याच पंगतीतलं, पण ते सणासुदीला. साईभाजी रोजची.

बदलापूर स्टेशनाबाहेर पावसाळ्यात ठाकूर-कातकरी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. फ्लॅटमध्ये राहायला आलेले लोक त्यांच्याकडे ‘रानभाजी महोत्सव’ म्हणून बघतात. त्या विकणारीच्या स्वतःच्या पानात त्यातली किती पडते, हे विचारायला तळपदेबाईंसारखं कुणीतरी जायला हवं. तिला गरोदरपणी सरकारी योजनेत मिळते ती लाल गोळी : ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, १८० दिवस. हा कार्यक्रम १९७०पासून या ना त्या नावानं चालू आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायका ॲनिमियाग्रस्त निघाल्या. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून ती डब्यात साठते. आशाताईंना हे पाठ आहे. वरच्या कार्यालयांत अजून ‘जनजागृती’ हाच उपाय सुचतो.

गंमत अशी, की परळच्या प्रश्नाकडे साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा कुणी नीट वळलं असेल, तर पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि आसावरी कानडे त्यात होत्या. परत तोच प्रश्न : काय खाता? २००१ साली राव यांचं नाव पहिलं असलेला लेख आला. उष्मांक आणि प्रथिनं यांच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध लागेना. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं, याच्याशी. या वेळी आहार विचारणारीचं नाव दुसरं नव्हतं, एवढी प्रगती सत्तर वर्षांत झाली म्हणायची.

पण याच गावांतून २००८ साली जे बाहेर आलं त्यानं फॉलिक ॲसिडच्या भक्तांची झोप उडाली. या आयांत फोलेटची टंचाई क्वचितच होती, बी-१२ मात्र तीनपैकी सुमारे दोघींत कमी होतं. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तर त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची खोड सर्वांत जास्त. पुढच्या मधुमेहाची ती पायरी. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, प्राणीही नाही. ते फक्त जंतूच बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मांसमच्छीतून येतं. पाव-शतकभर लाल गोळीनं फोलेट वाढवत नेलं, त्याचा जोडीदार मात्र मागे राहिला. यावरून पोषणतज्ज्ञांत अजून खडाजंगी चालते. मूल जन्मतः मज्जासंस्थेत व्यंग घेऊन येऊ नये म्हणून फॉलिक ॲसिड हवंच, १९९१च्या ब्रिटिश चाचणीनं ते निर्विवाद सिद्ध केलंय. पण मुंबईच्या १९३०च्या बायकांसाठी शोधलेला उतारा शाकाहारी पुणेकरणीला एकटा पुरेल, असं कुणी ठरवलं? रेशनच्या त्या पिवळट दाण्यात बी-१२ आलंय, हा या भांडणाचाच परिणाम असावा असा माझा तर्क आहे.

१९९०च्या दशकात त्या सहा खेड्यांत जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर २०१२च्या सप्टेंबरपासून ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. गर्भारपणी गोळी देईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून लग्नाच्या आधीच रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं. काहींना त्यासोबत इतर जीवनसत्त्वं, काहींना नुसती पोकळ गोळी. मुलांनाही दिलं, फक्त मुलींना नाही. त्यांना मुलं झाली, की नाळेतलं रक्त तपासायचं. तळपदेबाईंनी ज्यांना विचारलं त्यांच्या नातवंडांच्या नंतरची ही पिढी असेल.