खिशातला चाकू आणि सोबत्याचा जीव

पावसाळा सुरू झाला की पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांची पावले सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे वळतात. कोणी लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरतो व लोहगड-विसापूर गाठतो. कोणी मोटारसायकलवरून तिकोना, तुंग किंवा राजमाचीकडे जातो. चाकण-खेडकडील मंडळी भीमाशंकरच्या जंगलाची वाट धरतात. प्रत्येकाच्या पाठपिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, विजेरी आणि दोरी असते. बहुतेक गटांत एक-दोघांजवळ हमखास चाकूही असतो.

या चाकूची आवड असणाऱ्यांचे एक वेगळेच मैत्र असते. विश्रांतीला बसले की चाकू बाहेर निघतात. कोणाचे पाते कोणत्या पोलादाचे, मूठ कशाची, धार कशी लावली, याच्या गप्पा रंगतात. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु या मंडळींनी आपसात पाळलेले काही नियम बारकाईने पाहिले, तर ते आरोग्यशास्त्राला धरून आहेत असे दिसते. म्हणून आजच्या लेखात या छंदाचा आरोग्याच्या अंगाने विचार करू. त्यांतील एक समजूत मात्र जिवावर बेतणारी आहे. तिचाही समाचार घ्यायला हवा.

पोलादाची पारख

आपल्या भागात हा छंद रुजला याचे नवल नाही. टूलरूममध्ये काम करणाऱ्या फिटरला, ग्राइंडरवर उभ्या राहणाऱ्या कारागिराला पोलादाचा स्वभाव ठाऊक असतो. हॅकसॉचे तुटलेले ब्लेड घासून लहानसा चाकू बनवण्याची हौस अनेक कारखान्यांत जुनी आहे. मावळातील आणि खेड तालुक्यातील शेतकऱ्याचा कोयताही पुष्कळदा लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला असतो. लोहार त्याला पाणी देतो म्हणजे काय करतो, हे हीट ट्रीटमेंट विभागातील कामगाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे गडाच्या पायथ्याशी कोयता घेऊन भेटलेला गावकरी आणि शहरातून आलेला कामगार यांच्यात धारेवरून गप्पा सुरू होतात आणि घटकाभरात ओळख होते.

दूरच्या देशांतही हेच आढळते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली सुऱ्यांचा कारखाना काढला आणि १८९१ पासून तेथील सैनिकांना घडीचे चाकू पुरवले. त्याच परंपरेतला लाल मुठीचा चाकू पुढे जगभर भटक्यांच्या खिशात गेला. फिनलंडमध्ये कमरेचा 'पुक्को' आणि आपल्याकडे कमरेच्या आकडीतला कोयता, दोन्ही मुळात हत्यारापेक्षा अवजारे आहेत.

येथे पहिली सूचना. घरी किंवा कारखान्यात पाते घासताना डोळ्यांवर गॉगल हवाच. ग्राइंडरवरून उडालेला तापलेला कण बुबुळात रुतू शकतो. असा कण रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढण्याचा खटाटोप करू नये. डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. शिवाय घाईने घासलेले पाते तापून निळे पडते, त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. म्हणजे घाईत डोळाही जातो आणि चाकूही.

न लिहिलेले नियम

जुन्या जाणत्या भटक्यांच्या गटात नवा मुलगा आला की त्याला काही गोष्टी आपोआप शिकवल्या जातात. चाकू देताना मूठ समोरच्याकडे करायची. त्याने 'घेतला' असे म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. काही घरांतील वडीलधारी मंडळी तर सुरी हातात देतच नाहीत. खाली ठेवतात आणि दुसऱ्याने उचलून घ्यायची. हातात दिली तर भांडण होते, असे त्या सांगतात. भांडणाचे काही असो, बोट मात्र वाचते.

दुसरा नियम हाताच्या अंतराचा. चाकू उघडण्यापूर्वी हात लांब करून चारही बाजूंना फिरवायचा. कोणी टप्प्यात असेल तर त्याला सरकायला सांगायचे. कापताना पाते नेहमी अंगापासून दूर जायला हवे. मांडीवर ठेवून काही कापायचे नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. ती कापली गेली तर काही मिनिटांत माणूस रक्तस्रावाने दगावू शकतो. काम संपले की चाकू मिटवायचा किंवा म्यानात घालायचा. उघडा चाकू गवतात किंवा दगडावर ठेवायचा नाही. उघडे पाते हातात घेऊन चालायचे नाही.

तिसरा नियम धारेचा. बोथट चाकू सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, ते निसटते आणि दुसऱ्या हातावर येते. धारदार पाते थोड्या जोरात काम करते व जिथे न्यावे तिथेच जाते. म्हणून निघण्यापूर्वी निसण्यावर धार लावून घेणे हा काळजीचाच भाग आहे.

चौथा नियम दारूचा. ज्याने घेतली असेल त्याच्या हातात चाकू द्यायचा नाही. हा नियम सांगताना कोणी मोठेपणा पाहत नाही. लाइनवरचा साधा कामगार आपल्या सुपरवायझरलाही 'साहेब, चाकू ठेवा' असे सांगू शकतो. पाचवा नियम झाडांचा. ओली फांदी तोडायची नाही, गडाच्या दगडावर नावे कोरायची नाहीत. लोहगड हा २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, याचा या मंडळींना अभिमान आहे.

एकमेकांना स्पष्ट सांगण्याची ही मोकळीक महत्त्वाची आहे. औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेले हजारो तरुण खोली करून राहतात. आठवड्याला बदलणारी पाळी, अपुरी झोप, घरचा माणूस जवळ नाही, यातून एकटेपणा आणि चिडचिड वाढते. महिन्यातून दोनदा मोकळ्या हवेत चालणे आणि आपले बरे-वाईट सांगणारे चार मित्र मिळणे ही मनाच्या आरोग्यासाठी मोठीच गोष्ट आहे.

जखम झालीच तर

नियम पाळूनही बोट कापले जाते. अशा वेळी घाबरू नये. स्वच्छ पाण्याने जखम धुवावी. स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावे आणि हात छातीच्या वर धरावा. निदान दहा मिनिटे दाब काढू नये. रक्त थांबले का हे सारखे उघडून पाहिल्याने जमलेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. तंबाखू, चहाची पूड, चुना किंवा माती जखमेत भरू नये. दगडी पाल्याचा रस लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण न धुतलेल्या पाल्याबरोबर मातीतील जंतूही जखमेत जातात.

बोट वाकत नसेल, बधिर झाले असेल, जखमेच्या कडा मिटत नसतील किंवा रक्त उसळत असेल, तर सहल तिथेच थांबवावी व रुग्णालय गाठावे. स्नायुबंध तुटला असल्यास लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने बोट पूर्ववत चालू शकते. अंगात काही रुतून बसले असेल तर ते उपसू नये. आजूबाजूला कापड लावून ते हलू न देता न्यावे. बोटाचा तुकडाच वेगळा झाला, तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज आहे की तो फक्त गंजलेल्या लोखंडाने होतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत चाकूने झालेल्या जखमेतही माती गेली की धोका असतोच. टिटॅनसच्या जुन्या इंजेक्शनऐवजी आता 'टीडी' लस देतात, ती घटसर्पापासूनही संरक्षण देते. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असले तरी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम मातकट किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच घ्यावा.

सर्पदंश : येथे चाकू मिटवा

आता त्या जिवावर बेतणाऱ्या समजुतीकडे येऊ. 'चाकू जवळ असावा, साप चावला तर उपयोगी पडतो' असे अजूनही ऐकू येते. दंशाच्या जागी चीर द्यायची, रक्त वाहू द्यायचे, तोंडाने विष ओढायचे, ही कल्पना चित्रपटांनी पसरवली. एके काळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही ती होती. आज वैद्यकशास्त्राने ती पूर्णपणे टाकून दिली आहे.

कारण समजून घ्या. सापाचा दात विष आत सोडतो आणि ते लगेच ऊतींत व रसवाहिन्यांत पसरू लागते. चीर देऊन ते बाहेर येत नाही. उलट आपल्याकडील घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते. अशा माणसाला चीर दिली तर ते रक्त थांबता थांबत नाही. मित्राला वाचवण्यासाठी उघडलेला चाकूच त्याच्या जिवावर उठतो. शिवाय चिरेत शीर किंवा स्नायुबंध कापला जाण्याची भीती असते.

प्रश्न लहान नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले, म्हणजे ऐन भटकंतीच्या हंगामात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले.

मग करायचे काय? माणसाला बसवावे, धीर द्यावा. अंगठी, घड्याळ, पायातले काढावे, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून, हाड मोडल्यावर धरतो तसा स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, बर्फ लावू नये. साप मारण्याच्या किंवा पकडण्याच्या भानगडीत पडू नये. वेळ लक्षात ठेवावी. शक्य तर माणसाला चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मण्यार चावल्यावर पुष्कळदा वेदना किंवा सूज नसते, म्हणून 'काही झाले नाही' असे समजून झोपू नये. पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष रुग्णालयात मिळते आणि खरा उपाय तोच आहे. घोड्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार होते. हाफकिन महामंडळाच्या पिंपरी येथील विभागामुळे आपल्या शहराचे या औषधाशी जुने नाते आहे. निघण्यापूर्वी आपल्या वाटेवर सर्वांत जवळचे असे रुग्णालय कोणते, जिथे प्रतिविष मिळते, याची चौकशी करून ठेवावी. गटात एकाने हे काम अंगावर घेतले की पुरे.

गावात आल्यावर

डोंगरात अवजार असलेली वस्तू शहरात भीतीचे कारण ठरू शकते. २०२२-२३ च्या सुमारास पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सतत येत होत्या. त्याची झळ साध्या छंदिष्टांनाही बसली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. शेतीच्या व घरगुती अवजारांना त्यातून सूट आहे. तरीही पोलीस वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा कोयता कमरेला लावून बाजारात किंवा लोकलमध्ये फिरणे योग्य नव्हे. डोंगरवाटेला फळे कापणे, दोरी कापणे, पट्टी फाडणे यासाठी तीन-चार इंचांचे पाते पुरेसे होते. ते म्यानात घालून पिशवीच्या तळाशी ठेवावे. चाकू दाखवून फुशारकी मारणारा, रागाच्या भरात त्याला हात घालणारा मुलगा गटात असेल, तर त्याला मित्रांनीच वेळीच आवरावे. घरच्यांचे तो ऐकणार नाही, मित्रांचे ऐकेल.

खंडेनवमीला आपल्या कारखान्यांत यंत्रांची आणि अवजारांची पूजा होते. अनेकांचे चाकूही त्या पाटावर असतात. यंदा त्या दिवशी आणखी दोन कामे करावीत. प्रथमोपचाराची पेटी उघडून पट्ट्या, कापूस व जंतुनाशक ताजे आहे का ते पाहावे. आणि गटातील प्रत्येकाला विचारावे, 'टीडीचा डोस शेवटचा कधी घेतलास?' ज्याला आठवणार नाही, त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात जावे.