पंचवीस की बावन्न? दुसरीच्या वर्गातील एक आठवडा

सोमवारी सकाळी परिपाठ आटोपला की दुसरीच्या वर्गात एक साधी चाचणी घेऊन पाहावी. शिक्षकांनी 'पंचवीस' म्हणावे आणि मुलांनी पाटीवर लिहावे. काही मुले २५ लिहितात, काही ५२. ज्यांनी ५२ लिहिले त्यांना गणित येत नाही, असा निष्कर्ष आपण तत्काळ काढून मोकळे होतो. वास्तविक त्या मुलांनी कानांनी ऐकले तेच प्रामाणिकपणे हाताने उतरविलेले असते. आधी पाच, मग वीस!

मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यात नावांची रूपेही सरळ नाहीत. एकाच 'दोन'ची बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी अशी निरनिराळी सोंगे. 'पन्नास' तर त्रेपन्नमध्ये 'पन्न' होतो आणि सत्तावन्नमध्ये 'वन्न'. मोठ्यांना यातले काहीच जाणवत नाही, कारण पाठांतराने ते केव्हाच अंगवळणी पडलेले असते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यातील सेनगाव तालुका सोयाबीन, तूर आणि हळदीचा. अशा तालुक्यातील लहान गावांत आणि तांड्यांवर पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक; म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, असे हाच कायदा सांगतो. दिवसाचे सरासरी चार तास झाले. ते दोन वर्गांत वाटले की दुसरीच्या वाट्याला शिक्षकांचे दोन तास येतात आणि त्यातून गणिताला जेमतेम अर्धा-पाऊण तास. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. आईला 'याडी' म्हणणाऱ्या त्या मुलाला प्रमाण मराठीतील संख्यानामांचा हा गुंता आणखी परका वाटला, तर नवल नाही.

म्हणून मंगळवार आणि बुधवार हे दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवून काड्यांना द्यावेत. शिवारात तुराट्यांना तोटा नाही. बोटभर लांबीचे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले की साहित्य तयार. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे. शिक्षक पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवीत असताना दुसरीची मुले जोडीजोडीने हे काम करू शकतात. एक बारकावा मात्र हमखास निसटतो. मुले समोरासमोर बसली तर एकाची डावी बाजू दुसऱ्याची उजवी होते आणि मांडलेले पंचवीस पलीकडच्याला बावन्नच्या क्रमाने दिसते. शेजारी शेजारी बसविले की हा घोळ टळतो.

काड्या मांडताना मूल आपसूक म्हणते, 'वीस आणि पाच'. इथेच २०१९ सालच्या वादाची आठवण होते. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीने 'वीस पाच' असे वाचनही आले आणि त्याचे पडसाद विधिमंडळापर्यंत उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना संख्यावाचन अवघड जाते, म्हणून सोपा पर्याय द्यावा. विरोधकांना त्यात मराठीचे नुकसान दिसले. खरे तर दशक आधी म्हणण्याची रीत आपल्याला परकी नाही. खेड्यातील जुनी माणसे विसांच्या हिशेबात 'दोन विसा दहा' म्हणत; म्हणजे पन्नास. कानडी आणि तेलुगूतही वीस आधी, पाच नंतर. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णयानेच हा क्रम उलटविला. टेलिफोन क्रमांक सांगताना होणारा गोंधळ हे त्याचे प्रमुख कारण होते. तरीही जुनी पद्धत तेथे अजून बोलण्यात टिकून आहे. कायद्याने घरातली बोली बदलत नाही, एवढे त्यावरून दिसते.

आमच्या मते 'वीस पाच' ही शिडी आहे. हळदीचा भाव पंचाहत्तर रुपयांनी उतरला, हे घरी आणि बाजारात त्याच शब्दांत बोलले जाणार. म्हणून 'पंचवीस' टाळून चालणार नाही. त्या वादात बरोबर काय आणि चूक काय यावरच काथ्याकूट झाला. ही शिडी किती दिवस लावून ठेवायची आणि कोणत्या मुलासाठी, हा वर्गातला खरा प्रश्न मागे पडला.

गुरुवारी 'एकोण'. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत. 'ऊन' म्हणजे उणा. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. तीन गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढली, की नाव आणि संख्या दोन्ही एकदम समजतात. नव्याण्णव तेवढा या नियमाला जुमानत नाही.

शुक्रवारी शिक्षकाचे खरे काम असते. ५२ लिहिणारी मुले दोन प्रकारची असतात. एक मूल पंचवीस म्हणताच दोन गठ्ठे आणि पाच काड्या अचूक मांडते, फक्त लिहिताना चुकते. त्याची अडचण नावाची आहे. दुसरे काड्याही चुकीच्या मांडते. त्याला दशक म्हणजे काय हेच कळलेले नाही. पहिल्याला शिडी पुरते. दुसऱ्याला पुन्हा मंगळवारपासून सुरुवात हवी. वहीवर दोघांनाही सारखीच लाल फुली मिळते. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणे सुरू झाले. 'संख्या वाचतो, लिहितो' अशी साचेबंद ओळ त्यात लिहिली, तर हा फरक नोंदवहीतून नाहीसा होतो.

तो नाहीसा होणे महागात पडते. मराठवाड्यातील अनेक गावांतून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे न राहिलेले मूल आई-वडिलांबरोबर निघते. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलेले असते, समजा, 'पट २७, हजर २३'. गैरहजर चौघांपैकी एखादे मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, तेव्हा वर्ग वजाबाकीत गुंतलेला असतो. पुढे हातच्याच्या वजाबाकीत एक दशक सोडवून दहा सुटे करायचे असतात. ज्याचा गठ्ठाच पक्का झालेला नाही, त्याने काय सोडवायचे?

शनिवारी सकाळची शाळा. वहीच्या कागदाच्या दहाच्या नोटा आणि पुठ्ठ्याची रुपयाची नाणी करून दुकान मांडावे. सोमवारी ज्याने ५२ लिहिले होते तो 'पंचवीस रुपये' ऐकून दोन नोटा आणि पाच नाणी मोजून देतो. मग त्याला पाटीवर लिहायला सांगावे. बहुधा तो ५ आधीच लिहितो; पण आता डावीकडे जागा सोडून, आणि मग त्या मोकळ्या जागेत २. त्याला तसे लिहू द्यावे.