वजन, लघवी गळणं आणि ऑपरेशन: आधी प्रकार ओळखा

आजचा विषय जरा अवघड आहे. म्हणजे समजायला सोपा आहे, बोलायला अवघड. हवं तर हेडफोन लावून ऐका, पण ऐकून झाल्यावर घरातल्या एका माणसाशी नक्की बोला.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीचं नाशिकला लग्न होतं. आई कराडहून यायला तयारच नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. मी म्हटलं, गाडी करून जाऊ. तरी नाही. शेवटी ताईकडून कळलं. खोकलं, शिंकलं, हसलं की आईला लघवी गळते. कुठे जायचं असलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. चार वर्षं हे चालू होतं! मी रोज फोनवर "जेवलीस का" विचारत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

तिला डॉक्टरकडे नेलं. दोन मिनिटांत निकाल लागला: "वय झालं, वजन कमी करा." आई गप्प घरी आली आणि परत कुठल्याच डॉक्टरकडे जायला तयार होईना. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण बग कधी येतो हे न विचारता कोड बदलायला सांगितलं, तर आम्ही तरी ऐकू का? म्हणून वाचायला लागलो आणि दुसऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे लघवी गळण्याचे मुख्य प्रकार दोन. एक, दाबाची गळती: खोकला, शिंक, वजन उचलणं, जिना. पोटात दाब वाढतो आणि मूत्रमार्ग बंद ठेवणारे स्नायू कमी पडतात. दुसरा, घाईची गळती: एकदम जोरात लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होते. इथे मूत्राशयच नको तेव्हा आकुंचन पावतं. काहींना दोन्ही असतात. या दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत. म्हणून तीन दिवसांची नोंद ठेवा: किती प्यायलं, कधी लघवी केली, कधी आणि काय करताना गळली. वहीतलं एक पान पुरतं, पण डॉक्टरला त्यातून खूप कळतं.

आता वजनाचा संबंध. पोटावरची चरबी मूत्राशयावर सतत दाब देते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. म्हणजे "वजन कमी करा" हा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता. अमेरिकेत 338 जाड बायकांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाच्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमात त्यांचं वजन सरासरी 8 टक्के उतरलं, आणि आठवड्यातली गळती 47 टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना फक्त माहिती दिली, त्यांच्यात 28 टक्क्यांनी. आईचं वजन तेव्हा 78 किलो होतं. त्याचे 8 टक्के म्हणजे सहा किलो. सहा किलो ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला, कारण तोवर तिला वाटत होतं की वीस-पंचवीस किलो उतरवल्याशिवाय काही होणार नाही.

बरोबरीनं करायचा तो केगल व्यायाम. अरनॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी तो 1948 मध्ये मांडला. लघवी थांबवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बऱ्याच जणी चुकून पोट आवळतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. घाईची गळती असेल तर चहा-कॉफी कमी करा आणि दोन लघव्यांमधलं अंतर हळूहळू वाढवा. पाणी मात्र बंद करू नका. घट्ट लघवीनं मूत्राशय आणखी चिडतं.

यानं भागलं नाही, तर औषधं. घाईच्या गळतीवर सोलिफेनॅसिन, मिराबेग्रॉन अशा गोळ्या आहेत. पहिलीनं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. दुसरीनं रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे तो तपासत राहावा लागतो. गोळ्यांनी फरक पडला नाही तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन. आणि हो, रक्तदाबाच्या आणि डायबेटिसच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरला दाखवा. स्वतः बंद करू नका.

दाबाच्या गळतीवर ऑपरेशन आहे: मूत्रमार्गाखाली पट्टीचा आधार देतात. ही पट्टी कृत्रिम जाळीची असते किंवा स्वतःच्याच शरीरातल्या पेशीजालाची. जाळीमुळे काही बायकांना कायमचं दुखणं लागलं, म्हणून इंग्लंडमध्ये 2018 पासून तिच्या वापरावर कडक बंधनं आली. अनेकींना तिचा चांगला उपयोगही झाला आहे. पण "कुठली पट्टी घालणार, आणि त्रास झाला तर काढता येते का?" हे सही करायच्या आधी विचारा.

आता वजनाची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्के उतरलं. पण ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. शिवाय मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्यानं गळती वाढते. ओळखीच्या केमिस्टकडून आणून टोचायची ही वस्तू नाही.

लठ्ठपणाच्या ऑपरेशनमध्ये स्लीव्ह म्हणजे जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढणं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. वजन भरपूर उतरतं, गळतीही बऱ्याच जणींची कमी होते. पण नंतर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि तपासण्या आल्या, आणि स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते.

इथे एक गंमत बघा. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांना बीएमआय 27.5 च्या पुढे हे ऑपरेशन सुचवता येतं. आपल्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित नियमात मात्र 40 हवा, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात नसलेला डायबेटिस असं काही गंभीर. लघवी गळणं त्या यादीतच नाही. आईचा बीएमआय 32 च्या वर. म्हणजे डॉक्टर हो म्हणाले असते, तरी बिल आमच्यावर.

पण ती वेळ आली नाही. आईची गळती दाबाची निघाली. पाच महिने व्यायाम, रात्रीचा भात कमी, संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालणं. पाच किलो उतरले. गळती पूर्ण थांबलेली नाही, जोरात शिंक आली की होते. पण मागच्या महिन्यात ती एकटी एसटीनं पुण्याला आली. स्वारगेटला उतरली तेव्हा पाण्याची बाटली रिकामी होती.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, किंवा अचानक पायात बधिरपणा असेल तर व्यायाम करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी आज घरी फोन केलात की "जेवलीस का" च्या पुढचा एक प्रश्न विचारा. भेटू पुढच्या एपिसोडला.