पीसीआर ‘हो’ म्हणतो, पण कशाला?

बारामतीत टीसी कॉलेजला मायक्रो किंवा विद्या प्रतिष्ठानला बायोटेक करून तुम्ही आता एखाद्या फूड टेस्टिंग लॅबमध्ये लागला असाल. दिवसभर पिपेट, इवल्याशा ट्यूब आणि स्क्रीनवर वर चढणाऱ्या रेघा. एक दिवस साहेब म्हणतात, ‘फूड सेफ्टीच्या परिषदेला या वेळी तू जा.’ पुणे असो, हैदराबाद असो की दिल्ली, पहिलीच वेळ असेल तर भारी वाटणारच. पण बॅग भरायच्या आधी जरा आपल्या भागातल्या दुधाचा विचार करा. बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस, द्राक्ष, डाळिंब सगळं आहे, पण घरात रोजचा पैसा आणतं ते दूधच. तुमच्या रिपोर्टवर ‘डिटेक्टेड’ असा एक शब्द आला की माल अडतो. त्या मालात कितीतरी गोठ्यांचं दूध असतं. आणि तोच शब्द यायला हवा असताना आला नाही, तर ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं.

हॉलबाहेर आधी भेटतात ते मशीनवाले. फुकटची पिशवी, पेन, गोड कॉफी आणि ‘मॅडम, फक्त दोन तासांत रिझल्ट!’ पिशवी खुशाल घ्या, पण विचारा, हे दोन तास कधीपासून मोजायचे? साल्मोनेला शोधायच्या जुन्या कल्चर पद्धतीला चार-पाच दिवस लागतात, पीसीआरने ते काम बरंच लवकर होतं, हे खरंच. पण २५ ग्रॅम नमुन्यात मोजके जिवाणू असतील तर आधी त्यांना खाऊ घालून रात्रभर वाढवावं लागतं. ती रात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते.

ही रात्र आणखी एका कारणासाठी लागते. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. पीसीआरला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही. तो फक्त म्हणतो, ‘हो, आहे.’ आधी वाढवून घेतलं, तर जिवंत असतील तेच वाढतात आणि त्या ‘हो’ला अर्थ येतो. उलटही होतं. दुधातली चरबी, कॅल्शियम किंवा डाळिंबातली पॉलिफेनॉल्स पीसीआरची रिॲक्शनच अडवतात आणि जिवाणू असूनही रेघ सपाट राहते. इंटर्नल कंट्रोल चालला की नाही हे न बघता ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिणं म्हणजे फोन बंद असलेल्या माणसाला ‘घरी नाही’ म्हणण्यासारखं आहे.

इथपर्यंत तुमच्या हॉलमध्ये कळेल. आता तिथून उठा आणि शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसा. तिथे केमिस्ट्रीवाले आणि पशुखाद्यवाले बसलेले असतात, आणि मॉलिक्युलरवाले तिकडे सहसा फिरकत नाहीत. हे मला कधी पटलेलं नाही.

कारण आपल्याकडे दूध म्हटलं की सगळ्यांना भेसळच आठवते. युरिया, डिटर्जंट, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ. एफएसएसएआयने २०१८मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. पण ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते कुणी दुधात घालत नाही, चाऱ्यातून येतं. सरकी पेंडीचं पोतं ओलीला लागलं, मका नीट वाळला नाही, मुरघासात हवा शिरली की बुरशी धरते. गाय ते खाते आणि एक-दोन दिवसांत विष दुधात उतरतं. दूध तापवूनही ते जात नाही. भारतात मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती ०.०५ आहे, दहापट कडक.

इथे तुमचा पीसीआर काय सांगेल? बुरशीत विष बनवणारं जनुक आहे की नाही, एवढंच. जनुक असलं म्हणून विष बनलंच असं नाही, आणि बुरशी मेल्यावरही बनलेलं विष मागे उरतं. ते मोजायला एलायझा, एचपीएलसी लागतं, आणि ते करणारी माणसं त्या शेजारच्या हॉलमध्ये आहेत. जगातली अन्नसुरक्षेवरची एक मोठी संघटना, आयएएफपी, १९११मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती डेअरी आणि दूध निरीक्षकांची संघटना म्हणून. तेव्हा ना पीसीआर होता ना पॉवरपॉइंट. गोठ्यात जाऊन बघणारी माणसं होती ती.

म्हणून निघायच्या आधी एक सकाळ जवळच्या दूध संकलन केंद्रावर घालवा. फॅट, एसएनएफ लागेपर्यंत लोक रांगेत उभे असतात, बोलतातही. पेंड कुठे ठेवता, पावसाळ्यात काय करता, दूध परत आलं तर कारण कुणी सांगतं का, हे विचारा. ‘पोरी, तुझ्या मशीनला माझ्या पेंडीतलं कळतंय का?’ असा उलटा प्रश्न आला तर तो वहीत तसाच लिहून घ्या. पोस्टर करणार असाल तर तुमच्या आलेखांपेक्षा त्याच प्रश्नापाशी लोक जास्त वेळ थांबतील.

आणि प्रश्नोत्तरांना माईक मागा. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. एक प्रश्न मीच देतो: पेंडीच्या पोत्यातून नमुना नेमका कुठून घ्यायचा? अफ्लाटॉक्सिन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यात भरपूर, बाकी पोतं स्वच्छ, असं होतं. वरची एक मूठ तपासून काहीच कळत नाही. अनेक ठिकाणांहून थोडं थोडं काढून, दळून, एकत्र मिसळून मग नमुना घ्यावा लागतो. किती पोत्यांतून, किती किलो आणि दहा पोती ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडेल कसं, यावर त्या हॉलमध्ये वाद होईल. तो चहाच्या टेबलापर्यंत चालला तर तुमचं पुढचं सेशन बुडू द्या.